कुजबुजीची चाचणी

लिफ्टमध्ये आपण एकटीच आहोत असं समजून ती आरशासमोर बोलण्याचा सराव करत होती. बट कानामागे सारून, हनुवटी जराशी वर करून तिनं शेवटचं वाक्य ठोकून दिलं, "आणि साहेब, मी स्वतः कंपनीतून एक पैसाही पगार घेत नाही!"

"मग जेवता कुठे?"

ती केवढी तरी दचकली. कोपऱ्यात एक भलंमोठं खोकं होतं आणि खोक्यामागे एक तरुण. त्याला जायचं होतं खाली आणि लिफ्ट चालली होती वर. एवढा त्याचा दिवस वाईट होता.

"आईकडे जेवते," ती फणकारली. "तुम्हाला काय करायचंय?"

"काही नाही. मीही असाच मिरवायचो." त्यानं खोक्याकडे मान वळवली. "हे सगळं माझ्या कंपनीतलं सामान. म्हणजे... काल सकाळपर्यंत माझी होती. घाईघाईत नको त्या करारावर सही केली."

हसत हसतच सांगितलं त्यानं, पण खोक्यावरची बोटं घट्ट आवळली होती. तिला उगाचच गलबलून आलं. दार उघडलं तसा तो म्हणाला, "आज सही करू नका. घरी जा, आईच्या हातचं जेवा, मग ठरवा."

वरच्या मजल्यावरच्या गुंतवणूकदारानं तिचं म्हणणं फार गोड चेहऱ्यानं ऐकून घेतलं. स्वस्तातलं कानाचं मशीन! कुजबुजसुद्धा ऐकवणारं! तो पैसे द्यायला तयार होता. अट एवढीच, की वर्षभरात विक्री तिप्पट झाली नाही, तर कंपनी त्याची. शिवाय तारण म्हणून घर. "आणि तुमचा तो बिनपगारी त्याग मला फार आवडला," तो म्हणाला. "तो असाच चालू ठेवा."

घर तिच्या नावावर होतं. आईनं जन्मभर नोकरी करून, पै पै साठवून घेतलेलं आणि हौसेनं लेकीच्या नावावर केलेलं. पण पैसे मिळाले नाहीत, तर दोन-चार महिन्यांत कामाला टाळंच लागणार होतं.

ती खाली आली, तर तो पायरीवर खोकं घेऊन बसलेला.

"टॅक्सी मिळत नाहीये," तो म्हणाला. समोरून एकामागून एक रिकाम्या टॅक्सी चालल्या होत्या. तिनं त्या पाहिल्या, पण बोलली नाही. शेजारी बसली आणि सगळं सांगून टाकलं... घराचंसुद्धा.

त्यानंतर तो तिच्या कारखान्यात यायला लागला. कारखाना कसला, घराची मागची खोली! आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जाड रजया टांगलेल्या, टेबलावर तारा आणि इवलाले स्क्रू. आईला कमी ऐकू यायचं, म्हणून तर हा सगळा खटाटोप सुरू झाला होता. त्यामुळे चाचणीला बसायचा मान आईचाच. कानात मशीन घालून ती खोलीच्या त्या टोकाला पाठ करून बसायची. लेक या टोकाहून हळू आवाजात चार-पाच वाक्यं म्हणायची आणि टेबलावर थाप मारायची. थाप पडली, की आईनं ऐकलेलं सगळं ओळीनं परत म्हणायचं. मध्ये बोलायचं नाही, असा कडक नियम होता.

"आले का गं तुझे लिफ्टवाले?" आई रोज विचारायची. 'तुझे' या शब्दावर लेक रोज लाजायची, आणि लिफ्टवाले स्क्रू मोजण्यात गर्क असल्याचं दाखवायचे.

त्या दुपारी आई मशीन घालून, मटार सोलत बसली होती. लेक वाक्यं म्हणायला उभी राहिली, तेवढ्यात तो आला. चेहरा उतरलेला.

"काय ठरवलं?" तो कुजबुजला.

"उद्या सही करतेय."

"आणि घर?"

"आईला सांगितलं नाहीये. तिला झोप लागणार नाही."

"नका हो करू... तुमचं माझ्यासारखं झालेलं मला नाही बघवणार."

"तुम्हाला का नाही बघवणार?"

"कारण..." तो अडखळला. कान लाल झाले. "कारण तुम्ही मला आवडता. कंपनीसकट. आणि कंपनी नसली तरी!"

एवढं बोलून होईपर्यंत त्याला इतका धीर गोळा करावा लागला, की हात आपोआप टेबलावर आपटला.

थाप!

"काय ठरवलं? उद्या सही करतेय," आईनं तिकडून सुरुवात केली. "आणि घर? आईला सांगितलं नाहीये..." इथे तिचा आवाज हलला. पण नियम म्हणजे नियम. "तिला झोप लागणार नाही," पासून "कंपनी नसली तरी" पर्यंत तिनं सगळं म्हटलं आणि विचारलं, "बरोबर?"

"एकही शब्द चुकला नाही," लेक म्हणाली आणि रडायलाच लागली.

आईनं मटार बाजूला ठेवले. सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही. "घर तुझ्या नावावर केलं, ते तू त्यात राहावंस म्हणून. आणि पगार का घेत नाहीस गं तू? काम करत नाहीस का?"

मशीनची किंमत ठरवताना लेकीनं तारा धरल्या होत्या, स्क्रू धरले होते, विजेचं बिल धरलं होतं. स्वतःला मात्र धरलंच नव्हतं. तिनं आणि त्यानं बसून किंमत नव्यानं मांडली. मशीनची ऑर्डर दिलेल्या कानाच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. वाढलेली किंमत ऐकून त्यांनी ऑर्डर निम्मी केली, पण निम्म्याचे पैसे आगाऊ द्यायला तयार झाल्या. काम हळू चालणार होतं, पण चालणार होतं.

मग तिनं गुंतवणूकदाराला फोन लावला. "मी सही करणार नाही. आणि पुढच्या महिन्यापासून मी पगार घेणार आहे."

आईनं कानातलं मशीन काढून, पुसून लेकीच्या कानात घातलं. "आता तू बस. मी जरा दूध घेऊन येते." फ्रीजमध्ये दूध भरपूर होतं.

ती पाठ करून बसली. कानात आधी त्याचा श्वास ऐकू आला, मग चपलांची चुळबुळ. मग अगदी हळू...

"तुझ्या घरात माझं खोकं ठेवायला जागा आहे? कायमची?"

टेबलावर हलकीशी थाप पडली.

ती मानेपर्यंत गुलाबी झालेली.

"काय ऐकू आलं?" त्यानं विचारलं.

"काहीच नाही," ती सपशेल खोटं बोलली. "जरा जवळ येऊन सांग ना..."