पिवळ्या पुडीचा निळा रंग

“सही नाई करत मी. काई झालं तरी नाई,” गिरजाबाईंनी खुर्चीत टेकायच्या आधीच सांगून टाकलं.

बल्लारपूरच्या खासगी तपासनीस वच्छला खोब्रागडे यांच्याकडे लोक बहुधा रडत येतात. ही बाई भांडत आली होती, आणि वच्छलाबाईंना ती तिथंच आवडली. शेजारी त्यांचे सहकारी देवराव पोट धरून बसले होते. वर्षभर जळजळ, पण डॉक्टरकडे जातील तर शपथ!

२००६ सालचा उन्हाळा. अहेरीजवळ गिरजाबाईंच्या मासेमारांच्या गावात अकरा महिन्यांपासून एका कंपनीची चाचणी चालू होती. दह्यातल्यासारखे जंतू, पण प्रयोगशाळेत बदल करून घडवलेले. हे जंतू पोटात गेले आणि आतड्याला सूज असली, की शौचाच्या नमुन्यावर एक थेंब टाकताच तो निळा होतो. जंतू पोटात नसले तर आजाऱ्याचाही नमुना निळा होत नाही. वीस घरांना जिवंत जंतूंच्या लाल पुड्या होत्या, वीस घरांना तुलनेसाठी नुसत्या पिठाच्या पिवळ्या. वाटप आणि तपासणी गिरजाबाईंकडे.

आणि पिवळ्या पुडीच्या नऊ घरांतले नमुने निळे निघाले. गिरजाबाईंनी लाल पुड्या चोरून सोयऱ्यांना वाटल्या, असं कंपनीचा पर्यवेक्षक अमर म्हणत होता. शनिवारपर्यंत कबुलीवर सही, नाहीतर पोलीस.

“चोराच्या पोरी म्हणून माह्या पोरी शाळेत जातीन का?” गिरजाबाईंनी विचारलं. वच्छलाबाईंनी पिशवी उचलली.

बुधवारी वच्छलाबाई आणि देवराव गावात पोचले. अमर इस्त्रीच्या शर्टात, अगदी अदबीनं बोलला. हे जंतू शरीराबाहेर जगतच नाहीत, बर्फात ठेवलेल्या पुडीतच टिकतात, तशी लेखी हमी कंपनीनं गावाला दिली होती. मग पुडीशिवाय ते दुसऱ्याच्या पोटात जाणार कसे?

नऊही घरांत पिवळ्या पुड्यांचे फाडलेले कागद कुडात खोचलेले सापडले. एकही पुडी उरलेली नव्हती. त्यातल्या दोन घरांचं तर गिरजाबाईंशी बोलणंच बंद होतं. उलट त्यांच्या सख्ख्या भावाच्या, इस्तारीच्या घरी पिवळ्याच पुड्या होत्या, आणि तिथं निळं काही नव्हतं. त्यानं पाहुण्यांपुढे कोरा चहा ठेवला. आंबट सोसत नाही, म्हणून त्याच्या घरी अंबील करत नाहीत.

“चोरी करून दुश्मनाच्या घरी वाटणारी बाई मी तरी पाहिली नाही,” देवराव म्हणाले. आयुष्यात एकदाच बरोबर बोलले, तेही चहा फुंकता फुंकता.

कमलाबाईंच्या घरी मात्र त्यांची चंगळ झाली. लाल पुडीचं घर, आणि अंबील अशी की लोटा खाली ठेववेना. भात शिजवून गार करायचा, त्यात जुनी अंबील वाटीभर ओतायची आणि झाकून ठेवायचं. कंपनीची पुडी कडू लागते, म्हणून कमलाबाई तीही मडक्यातच ढवळायच्या. त्या बोलत असताना दोन शेजारणी वाटी घेऊन आल्या आणि जुनी अंबील घेऊन गेल्या.

“मागच्या हप्त्यात अमरसाहेब म्हने, मडकी फोडा, साथ येऊन राह्यली,” कमलाबाई म्हणाल्या. “काऊन फोडू? माह्या सासूपासून चालत आलेली अंबील आहे थे. धानाच्या ढोलीत लपवलं मी मडकं.”

गुरुवारी देवरावांनी पुन्हा लोटा तोंडाला लावला, आणि वच्छलाबाईंनी तो सरळ हिसकावून घेतला. देवराव दिवसभर फुगून बसले.

शनिवारी शाळेच्या ओसरीवर गाव जमलं. वच्छलाबाईंनी अमरच्या हातात नमुन्याची एक झाकणबंद बाटली दिली. त्यानं थेंब टाकला. नमुना निळाशार झाला.

“कोणतं घर? लाल की पिवळं?” त्यानं विचारलं.

“कोणतंच नाही. हे आमचे देवराव. पोटाच्या औषधासाठी म्हणून मी यांचा नमुना मागून घेतला. यांनी तुमची पुडी पाहिलीसुद्धा नाही. कमलाबाईंची अंबील तेवढी प्यायली.”

देवरावांचा चेहरा बघण्यासारखा होता.

“लाल पुड्या वाटल्या असत्या, तर पिवळ्या उरल्या असत्या,” वच्छलाबाई सांगू लागल्या. “ती नऊही घरं कमलाबाईंच्या मडक्यातून वाटी नेतात, मी विचारून आले. इस्तारीभाऊ नेत नाहीत. तुमचा जंतू मडक्यात जगतो, वाढतो आणि घरोघर फिरतो. आणि हे तुम्हाला ठाऊक होतं. पुड्या चोरीला गेल्या असं मानणारा माणूस मडकी कशाला फोडायला लावेल?”

अमरनं बाटली खाली ठेवली. कंपनीची हमी खोटी ठरली असती, चाचणी बंद झाली असती, माझी नोकरी गेली असती, असं तो पुटपुटला.

“म्हनून माही इज्जत टाकली पुढं?” गिरजाबाई म्हणाल्या.

अकरा महिने हा जंतू आमच्या लेकरांच्या पोटात काय करून राह्यला, असं कमलाबाईंनी विचारलं. अमरला खरंच माहीत नव्हतं, आणि तेच सगळ्यांत भयंकर होतं. देवराव तर पांढरे पडले.

“तुम्हाला माहीत होतं?” त्यांनी वच्छलाबाईंना विचारलं.

“गुरुवारी शंका आली. लोटा उगाच नाही हिसकावला.”

गिरजाबाईंनी कबुलीचा कागद अमरच्या फायलीतून ओढला, उलटा केला आणि मांडीवर घेऊन त्या कलेक्टरांच्या नावानं लिहायला बसल्या. आमच्या पोटात काय सोडलं ते आमाले न सांगता सोडलं, इथपासून सुरुवात. सगळ्यांची तपासणी करा, मोठ्या डॉक्टरकडून, कंपनीच्या खर्चानं. लिहून झाल्यावर त्यांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला.

मग अमरच्याच खिशातला पेन घेऊन त्यांनी खाली पहिली सही केली. कमलाबाईंनी अंगठा उठवला. देवरावही सहीच्या ओळीत उभे राहिले, आणि त्यांना कुणी हटकलं नाही.