काढलेलं दार

रविवारी सकाळी सुताराने स्वतःच्याच लेकीच्या खोलीचं दार काढलं... रागाने एकेक स्क्रू पिळत! आठवडाभर पोरगी शाळा बुडवून खोटं बोलत होती आणि जाब विचारला की नेहमीसारखं धाडकन दार लावून घेत होती. तिची आई वारून पाच महिने झाले होते. या पाच महिन्यांत त्याने ओरडून पाहिलं, विनवण्या केल्या, पण ढिम्म फरक नाही.

"मी मावशीकडे जाते. कायमची!" तिने बॅग ओढली.

तो तिरमिरीतच उस्तादांकडे गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला. रंधा धरायला शिकवणारा तो म्हातारा सूफी वाटेचा होता.

"पोरीपुढे काही चालेना, म्हणून दाराला शिक्षा?"

"थट्टा नको, उस्ताद. मऊ वागलो तर डोक्यावर बसते, कडक वागलो तर घर सोडते. करू तरी काय?"

"आमच्यात शिष्याला एकांताची खोली देतात. दार तो लावून घेतो. गुरू बाहेर बसतो. वेळेवर उठवतो, जेवू घालतो, चुकला तर कानही धरतो. तू नुसताच आत घुसलास. आणि खरं सांग, शाळेसाठी चिडलास, की घरात एकटा पडलास म्हणून?"

त्याला ते झोंबलं. तो तडक घरी परतला. पोरगी चपला घालत होती.

"थांब. दार बसवतोय, जरा धर." तिने बॅग खाली ठेवून धरलं. "यापुढे ठोठावल्याशिवाय मी आत येणार नाही. पण उद्यापासून शाळा. सोडायला मी येणार. खोटं चालणार नाही."

"वर्गात मधेच रडू येतं, बाबा..." ती दार धरूनच म्हणाली. "आणि घरी रडले की तुम्ही ताटावरून उठता. म्हणून दार लावते."

पेचकस हातातच राहिला. पाच महिने ज्याला तो उर्मटपणा समजत होता, ती त्याच्या दोन घासांची काळजी होती!

"शाळेत बाईंशी मी बोलतो," तो कसाबसा म्हणाला. "पण जायचं."

"जाईन."

दार बसलं. बॅग घेऊन ती आत गेली आणि तिने ते लावून घेतलं. तो बाहेर जमिनीवर बसला. आतून हुंदका आला, आणि इतके दिवस दाबलेला त्याचाही फुटला. तोंडावर हात न ठेवता तो रडला.

आतला हुंदका थांबला.

"बाबा... जेवाल ना?"

"जेवीन. तू रड."