निळ्या दोऱ्याची फुली

एक होता फिटर, एक होती त्याची बायको, आणि त्यांच्या दाराच्या अगदी समोर राहायची बायकोची थोरली बहीण. फिटर बसच्या डेपोत इंजिनं दुरुस्त करायचा. थोरली शिवणकाम करायची. आणि धाकटी काय करायची? धाकटी थोरलीशी भांडायची. हसता काय, खरंच सांगते. दोघी सख्ख्या, एकाच आईच्या, पण दोघींमधून विस्तव जात नव्हता.

ही गोष्ट ऐकीव नाही. त्या रात्री धाकटीच्या उशाशी मीच बसले होते. घरी काय घडलं ते मला फिटरने सांगितलं, आणि तो माणूस खोटं बोलायला गेला की आधी त्याचे कान लाल होतात. तो दिवा जरा बारीक करा. आणि दाराकडे पाठ करून कोणी बसू नका... नाही रे, काही नाही. वारा लागतो म्हणून.

तर थोरली. तिच्या हाताची शिवण अशी, की लोक म्हणायचे, माणूस फाटेल पण हिची शिवण उसवायची नाही. झगा असो, पडदा असो, शिवून झालं की आतल्या बाजूला, कोणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागी, ती निळ्या दोऱ्याची एक बारीक फुली घालायची. कापड पिवळं असो की पांढरं, फुली निळीच. मी एकदा विचारलं, "ही गं कशाला?"

म्हणाली, "हा माझा आमेन."

आई गेली आणि आईचं शिलाई मशीन कोणाचं, यावरून दोघींचं बिनसलं. रविवारी थोरली उपासनेला गेलेली बघून धाकटीने हातगाडी बोलावली आणि मशीन आपल्या घरात आणून ठेवलं. हिला तर साधं बटण लावता यायचं नाही! मशीनवर चादर टाकली, चादरीवर फुलदाणी ठेवली. थोरली परत आली, भर गल्लीत उभी राहिली आणि म्हणाली, "ठेव, सजवून ठेव. पण यापुढे तुझ्या घरचं फडकंसुद्धा माझ्या सुईखाली येणार नाही. तू उभी फाटलीस ना, तरी मी टाका घालायची नाही."

बोलून गेली. तोंडातून सुटलेल्या शब्दाला परतीची वाट नसते, पोरांनो.

त्यानंतर ती सगळं हातानेच शिवायची. आणि त्याच साली तापाने गेली. धाकटी मातीलासुद्धा गेली नाही. खिडकीच्या आडून बघत राहिली. रडली म्हणे, पण खिडकीच्या आतल्या आत. फिटरनेच समोरच्या घराला कुलूप घातलं आणि किल्ली आपल्या घरी खिळ्याला अडकवली.

आता आमच्या चर्चच्या मंडळीतली एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कोणी फार आजारी असलं की आम्ही रात्रभर साखळी प्रार्थना करायचो. एक कंदील होता. ज्याच्या घरी कंदील, त्याने तासभर जागं राहून आजाऱ्यासाठी देवाला हाक मारायची. तास भरला की कंदील पुढच्या घरी न्यायचा, दार वाजवायचं आणि विचारायचं, "जागे आहात का?" आतून उत्तर यायचं, "जागे आहोत. द्या." बस्स, इतकंच. कंदील विझू द्यायचा नाही आणि साखळी तुटू द्यायची नाही. घरांचा क्रम वर्षानुवर्षं ठरलेला. तुमच्या आजोबांना दहाचा तास, कारण त्यानंतर ते घोरले असते आणि त्या वाऱ्यानेच कंदील गेला असता. फिटरचा तास एकचा, थोरलीचा दोनचा, तिच्या शेजारच्या मास्तरीणबाईंचा तीनचा. थोरली गेल्यावर चर्चच्या पाळकसाहेबांनी तिचा तास फिटरला जोडून दिला. एक ते तीन त्यानेच बसायचं, आणि मग कंदील थेट मास्तरीणबाईंकडे.

थोरलीला जाऊन वर्षही झालं नव्हतं, तोवर धाकटीच्या पोटात गाठ निघाली. फेब्रुवारीतला दुसरा शुक्रवार. संध्याकाळी ऑपरेशन होतं. स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा तिने नवऱ्याची बाही धरली.

"ताई काय म्हणाली होती, आठवतं ना तुम्हाला? उभी फाटले तरी..."

"गप. प्रभू आहे ना वर."

"प्रभू आहे. पण तीही तिथेच आहे की. त्याचे कान भरत बसली असेल."

फिटर हसला. मीही हसले. ती मात्र हसली नाही.

नऊ वाजता डॉक्टर बाहेर आले. गाठ निघाली होती, पण रक्त फार गेलं होतं. म्हणाले, "आजची रात्र निघू द्या, मग बोलू." बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुषांना थांबू देत नसत. मी फिटरला म्हटलं, "भाऊ, तुम्ही घरी जा. मी इथे आहे. तुमचं काम तिकडे, कंदिलापाशी." तो पायऱ्या उतरून गेला. पाठीमागून बघितलं, तर माणूस एका दिवसात म्हातारा झाला होता.

एक वाजता कंदील त्याच्याकडे आला. तो गुडघ्यांवर बसला. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. शब्द सुचत नव्हते. प्रभू, तिला राख. प्रभू, तिला राख. तेवढंच. विहिरीत बादली सोडावी आणि रिकामीच वर यावी, तसं.

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजले.

तो उठला. कंदील घेतला. दार उघडलं.

इतक्या वर्षांची पायांची सवय, पोरांनो. डोकं झोपलं होतं. पाय चालत होते. गल्ली ओलांडली. समोरचं दार वाजवलं.

"जागे आहात का?"

आतून आवाज आला. "जागी आहे. द्या."

दार वीतभर उघडलं. आत अंधार. एक हात बाहेर आला. बोटात अंगुस्तान होतं, शिवताना सुई टोचू नये म्हणून घालतात ते. कंदील त्या हातात गेला. दार लागलं.

फिटर घरी आला, भिंतीला टेकून बसला. समोर मशीन होतं, चादर पांघरलेलं. त्याच्या मनात आलं, हिला बरं वाटलं की हे ताईंना परत देऊन टाकू. नकोच ते भांडण...

ताईंना.

कुठल्या ताईंना?

त्याने खिळ्याकडे बघितलं. किल्ली तिथेच होती.

...

जवळ या असे. मीही येते.

इकडे वॉर्डात, दोनच्या सुमारास, मी धाकटीची चादर सारखी करायला गेले आणि हात ओला झाला. दिव्याखाली धरला. लाल. मी ओरडले. नर्स धावली, डॉक्टर आले. रक्त पुन्हा सुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, "थिएटर तयार करा. टाके काढून पोट पुन्हा उघडावं लागेल." नर्स माझ्या कानाशी पुटपुटली, "दुसऱ्यांदा उघडलं तर झेपणार नाही हो हिला."

मी फिटरला फोन लावला.

"भाऊ, रक्त थांबत नाहीये. प्रार्थना चालू आहे ना?"

तो काही बोलेना.

"भाऊ? साखळी तुटली नाही ना?"

मग म्हणाला, "वहिनी... कंदील ताईंच्या घरात आहे."

मला वाटलं, याचं डोकं फिरलं. फोन बंद झाला.

खिळ्यावरची किल्ली घेऊन तो समोरच्या दाराशी गेला. दाराला कुलूप होतं. त्यानेच घातलेलं, गंज चढलेलं. खिडकीच्या फटीतून उजेड येत होता. कंदिलाचा. पिवळा.

आणि आवाज.

सर्र...

थोडं थांबून पुन्हा. सर्र...

घट्ट कापडातून दोरा ओढतात ना, तसा. एक टाका. मग दुसरा. शिवणाऱ्याला कसली घाई नव्हती.

आत कोण बसलंय ते त्याला कळलं होतं. कशाला बसलंय ते कळत नव्हतं. बायकोचा जीव त्या कंदिलाच्या आधाराने टांगलेला, आणि तो कंदील त्याने स्वतःच्या हाताने कोणाच्या हवाली केला? जी म्हणाली होती, उभी फाटलीस तरी...

किल्ली मुठीत होती. कुलपात घालवेना.

"ताई," तो म्हणाला. "मशीन घेऊन जा. आत्ता आणून देतो. तिला सोडा."

आतला आवाज थांबला.

किती वेळ थांबला, कोण जाणे. गल्लीत कुत्रंही भुंकत नव्हतं.

तो उंबऱ्यावर गुडघे टेकून बसला. बायकोसाठी आता मागवेना. सगळी गल्ली संध्याकाळपासून तिच्यासाठीच मागत होती. आणि हिच्यासाठी? तापात होती तेव्हा तिच्यासाठी कंदील फिरला का? नव्हता फिरला. एकटी बाई, साधा ताप, उतरेल म्हणाले सगळे. आपल्यात मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. पाळकसाहेब नंतर रागावलेसुद्धा. पण त्याच्या तोंडून तीच प्रार्थना आली.

"प्रभू, हिच्यासाठी कोणी जागलं नाही. मी जागतो. हिला तुझ्याजवळ घे. हिचा राग तुझ्या पायाशी ठेवून घे. आणि हिच्या धाकटीला... हिच्या धाकटीला माफ कर."

शांत.

मग...

सर्र.

पुन्हा सुरू झालं. तो तिथेच बसून राहिला. कपाळ दाराला टेकलेलं. दार गार पडलेलं. आत दोरा ओढला जात होता, आणि तो बाहेर तीच वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणत होता. शेवटी आतून एक बारीक आवाज आला. कट्. दोरा दातांनी तोडावा तसा.

खिडकीतला उजेड सरकून गेला.

दार उघडलं नाही. कुलूप हललं नाही. पण शेजारी मास्तरीणबाईंच्या दारावर टकटक झाली, आणि मान न वळवता त्याने ऐकलं,

"जागे आहात का?"

"जागी आहे हो," मास्तरीणबाईंचा झोपाळू आवाज. "द्या."

तीन वाजले होते. मास्तरीणबाईंना मोतीबिंदू, कंदिलाच्या उजेडात त्यांना काय दिसणार? सकाळी मला म्हणाल्या, "फिटरच होता ना? हात किती गार गं त्याचे! थंडीत काही घालत नाही का हा?"

वॉर्डात थिएटर तयार झालं होतं. धाकटीला उचलायला माणसं आली. डॉक्टरांनी शेवटचं म्हणून ड्रेसिंग उचललं, आणि तसेच उभे राहिले. नव्याने एक थेंबही येत नव्हता. दिव्याखाली वाकून बघितलं, बोटाने दाबून बघितलं. मग पट्टी परत बसवत म्हणाले, "थांबलंय." मी विचारलं, "कशाने?" तर माझ्याकडे बघितलं आणि हात धुवायला गेले. पहाटे धाकटीने डोळे उघडले, पाणी मागितलं. माझ्या जिवात जीव आला. फिटर आला तो तिच्या पायांशी बसून लहान मुलासारखा रडला. पण रात्रीचं तिला तेव्हा काहीच बोलला नाही.

काय रे, संपली वाटली? थांबा.

पुढच्या आठवड्यात टाके काढायचे होते. मी बाजूलाच उभी. नर्स कात्रीने एकेक टाका कापून चिमट्याने ओढून काढत होती. काळा दोरा, सगळे सारखे. शेवटाला आली, सुकलेली खपली पुसली आणि थबकली.

"हे काय? हा आपला दोरा नाही. हा तर कपडे शिवायचा दोरा आहे."

मी वाकून बघितलं.

जखमेच्या अगदी टोकाला, कातडीत, निळ्या दोऱ्याची एक बारीक फुली होती.

नर्सने डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर म्हणाले, "मी नाही घातलेला." नर्सने कात्री लावली. कात्री सरकली. पुन्हा लावली. पुन्हा सरकली. धाकटी म्हणाली, "काय आहे?" आणि मान उचलून खाली बघितलं.

बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. खूप वेळ तिचे खांदे हलत होते. मग म्हणाली, "राहू द्या. तो काढायचा नाही."

त्या दिवशी फिटरने तिला सगळं सांगितलं. घरी आल्यावर तिने पहिल्यांदा मशीनवरची फुलदाणी उचलली. फिटरने मशीनला तेल दिलं, समोरच्या घराचं कुलूप काढलं आणि मशीन तिथे नेऊन ठेवलं. जिला बटण लावता येत नव्हतं ती तिथे बसून शिवण शिकली. पहिला झगा असा शिवला की एक बाही पुढे, एक मागे! पण शिकली. साखळीतला दोनचा तास तिने मागून घेतला. दोन वाजता ते दार वाजलं की आता तीच म्हणते, "जागी आहे. द्या."

डॉक्टर म्हणाले होते, मूल होणं कठीण. झालं. मुलगी झाली, चांगली ठणठणीत, साऱ्या गल्लीची झोप उडवणारी. बाळंतपणाला वेगळी डॉक्टरीण होती. पोट ताणून नगाऱ्यासारखं झालेलं, तरी फुली जागच्या जागी. ती विचारत होती, "हा साधा दोरा इतकी वर्षं टिकला कसा? कुजायला हवा होता."

धाकटीने फुलीवर हात ठेवला.

जशी त्यांच्या घराची शिवण टिकली, तशी तुमच्या-माझ्या घराची टिको. फुली अजून आहे, पोरांनो. मी परवाच बघितली. निळी आहे. रंगसुद्धा उडालेला नाही.