देवाला न चालणारी पिशवी

दोष मालोजीरावाचा. श्रीपादकाका हे शेवटपर्यंत तोंडात घोळवतात, कारण म्हातारे एकमेकांना सांभाळून घेतात. मी आधीच सांगून टाकतो.

काका संत तुकाराम नगरातल्या आमच्या बिल्डिंगमधले रिटायर्ड सुपरवायझर. लाइट गेली की गच्चीवर मला, ऋताला आणि ओजसला धरून बसतात. म्हणाले, "ही ऐकीव नाही बरं. मालोजीराव माझ्यासमोर बसून बोललाय."

चैत्र पौर्णिमेची आदली रात्र. मालोजीराव तळवड्याच्या शिंप्याकडून देवाच्या काठीचं नवं निशाण घेऊन बाइकवर गावाकडे निघाला होता. सकाळी जत्रा. काठीचा मान त्याच्या घराचा. तिचं बूड कमरेच्या पट्ट्यात रोवायचं आणि ती पोटावर तोलायची. आधी धाकटा भाऊ हिरामण उचलायचा.

"मग आता?" ऋतानं विचारलं.

काका सांगू लागले. हिरामणच्या आतड्याला पीळ पडला होता. ऑपरेशन झालं, पण आतला टाका गळला. मग डॉक्टरांनी आतड्याचं तोंड पोटावर काढून पिशवी लावली. शेजारी फुगवटा आला. तरी गडी चाकणच्या कंपनीत शिफ्ट करायचा. डॉक्टर म्हणाले, आतडं पुन्हा जोडता येईल, पण आत्ता नको, आतली सूज उतरू दे. नाहीच जोडलं तरी पिशवीवर माणूस जगतो. हिरामणला थांबायचं होतं. त्याची बायको स्वरूपा म्हणाली, "मला ह्ये पिशवीसकट बी चालत्यात."

"तुला चालंल. देवाला न्हाई," मालोजीराव म्हणाला. "पोटाला घाण बांधून काठी धरनार व्हय? जत्रंच्या आत जोडून घे."

हिरामणनं थोरल्याचं ऐकलं. तयार होणारा दुसरा डॉक्टर गाठला. आतडं जोडलं, पण आतले टाके उसवले. मागल्या जत्रेआधीच गेला. यंदा काठी मालोजीराव उचलणार होता.

"मर्डर आहे हा," ओजस म्हणाला.

"थोरल्याच्या मनात तसं नव्हतं रे..."

"मन काय चाटायचंय, काका?"

काकांनी आवाज उतरवला.

तर त्या रात्री इंद्रायणीचा पूल मागं पडला. कंपन्यांचे दिवे संपले. मागची सीट दबली. कुणीतरी बसावं तशी. मालोजीरावानं वळून पाहिलं नाही. मग कानाशी, संकोचून...

"दादा, गाडी जरा कडंला घेता का? पिशवी भरलीया."

त्यानं गाडी पळवली.

"दादा..."

पाठीला ऊब लागली. ओलसर.

"थांबा की, दादा. सांडंल..."

ब्रेक. इंजिन बंद. मागं कुणी नाही. सीट कोरडी. कडेच्या गवतातून मात्र कुणीतरी आत चालत गेलं. सावकाश. मग तेही थांबलं.

"निवांत कर, हिरा," मालोजीराव म्हणाला. "मी हाय."

...

तो उजाडेपर्यंत थांबला. भावाच्या जिवंतपणी थांबायला हवं होतं, तेव्हा थांबला नाही. गवतातून कुणी परत आलं नाही.

सकाळी देवळासमोर पट्टा बांधायला सदरा वर केला, तर बेंबीच्या उजवीकडे गोल कडं. कातडी सोललेली, लालभडक. चिकटवलेलं काही ओरबाडून काढावं तसं. कशानं झालं ते अजून कुठल्या डॉक्टरला सांगता आलेलं नाही. ते सुकतही नाही.

पट्टा बसला नाही. काठी चुलत घरानं उचलली.

मालोजीरावाचा भाऊ गेला आणि मानही गेला.