निळी फुली

मोबाइल खाली ठेवा आधी. ही ऐकीव गोष्ट नाही, माझ्या सख्ख्या साडूच्या डोळ्यांदेखत घडलेली आहे. साडू म्हणजे आपला टायरवाला मिस्त्री.

गेल्या वर्षीची सतरा डिसेंबर, गुरुवार. रात्री साडेअकराला त्याला मालकाचा फोन आला. ट्रक पहाटे निघणार होता, मागचं डावं चाक बदलायचं होतं. साडूने मफलर गुंडाळला, अवजारांची पिशवी सायकलला अडकवली आणि ट्रक उभे असतात त्या आवारात गेला.

मालकाने बसवायला काढून ठेवलेला टायर बघून त्याचं डोकंच फिरलं. गुळगुळीत! माझ्या टकलासारखा. हसू नका. असल्याच टायरने आपला घरकोंबडा गेला.

तुम्ही त्याला पाहिलं नाहीत. ट्रक चालवायचा आणि नाव काय, तर घरकोंबडा! कारण माल उतरला की याची पावलं घराकडे. जिथे थांबेल तिथून बायकोला फोन. घरी असला की लेकीची वेणी तोच घालायचा, आणि बरी घालायचा. निघण्याआधी चाकं उघडायची लोखंडी टॉमी घेऊन एकेका टायरवर ठोकायचा. आवाज बद्द आला की लेकीच्या दप्तरातल्या निळ्या खडूने त्यावर फुली. "मला परत घरी यायचंय," म्हणायचा.

शेवटच्या फेरीलाही त्याने फुली मारली होती. मालकाने ती तळहाताने पुसली. "जायचं नसेल तर किल्ली ठेव आणि घरी बस." घर चालवणारा माणूस कशी ठेवेल किल्ली? गेला. उतारावर टायर फुटला. आणि हा हरामखोर चारचौघांत सांगत सुटला की ड्रायव्हर दारू प्यायला होता! अरे, खोकल्याचं औषधसुद्धा बायकोला विचारून घेणारा माणूस तो! मेलेला माणूस उलटून बोलत नाही, म्हणून काय वाट्टेल ते बोलायचं? आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

तर त्या रात्री ट्रकच्या केबिनमध्ये झोपला होता घरकोंबड्याचा थोरला मुलगा. बापाच्या जागी तोच लागला होता. पहाटे तोच निघणार होता, या गुळगुळीत टायरवर.

साडूने फोनवर सांगून पाहिलं, "मालक, हा टायर चालायचा नाही."

"तू बसव. अक्कल शिकवू नकोस."

साडूने शिव्या गिळल्या, चाक बसवलं, हवा भरली आणि हात पुसायला वळला.

ठण्ण.

ट्रकच्या पुढच्या अंगाला. त्याला वाटलं, पोरगा उठला. केबिनमध्ये डोकावला, तर पोरगा घोरत होता.

ठण्ण... ठण्ण...

कुणीतरी ट्रकभोवती फिरत होतं. सावकाश. एकेका टायरपाशी थांबत. साडूने बॅटरी मारली. कुणी नाही. आवाज मागे आला. डाव्या बाजूला.

थप्प.

हवा तर आत्ताच भरली होती. त्याने उजेड टाकला... टायरवर निळी फुली.

साडूने मालकाला बोलावलं. घर आवाराला लागूनच. मालक बनियनवरच तरातरा आला. "कोण नाटकं करतंय रे?" म्हणाला, आणि तळहाताने फुली पुसली. तशीच. त्याच हाताने.

...

साडू म्हणतो, त्यानंतर रातकिडेसुद्धा गप्प झाले.

ठण्ण. पुढून.

ठण्ण. उजवीकडून.

आवाज मागे वळला. जवळ आला. डाव्या चाकापाशी थांबला... आणि पुढे सरकला.

थप्प.

या वेळी टायरवर नाही. मालक तोंडावर आपटला. पडल्या पडल्याच ओरडला, "काढ! काढ तो टायर! नवा घाल!"

मुलगा पहाटे नव्या टायरवर गेला आणि धडधाकट परत आला. आजही तोच चालवतोय. घरकोंबडा दारू प्यायला होता, हे मालकाच्या तोंडून पुन्हा कुणी ऐकलं नाही.

पण मालक हल्ली भर उन्हातसुद्धा कोट घालून फिरतो. कुणाकडे पाठ करून बसत नाही. का, ते मला विचारू नका. उद्या त्याच्या घरावरून जाल तेव्हा दोरीवर वाळत घातलेले सदरे बघा. धुतलेले, स्वच्छ, पांढरेशुभ्र. आणि पाठीवर, एकूण एक सदऱ्याच्या...

जा आता. झोपा.