मागच्या दाराची बातमी

वर्तमानपत्राच्या कचेरीच्या जिन्यात एक उंच माणूस डबा खात बसला होता. माझ्या लेखाची खाटीकगिरी करणारा कुठल्या खोलीत बसतो, असं मी त्याला विचारलं.

"खोलीत नाही, जिन्यात," तो म्हणाला. "बसा. रागावून उभं राहिलं की पाय दुखतात."

मी बसले नाही. मी आयली कांगस, सातवीनंतर शाळा सुटलेली, अस्टोरिया बंदरातल्या माशांच्या कारखान्यात सुरी चालवणारी. मालक आमचं मागचं दार बाहेरून कुलूप लावून ठेवतो. आग लागली तर चाळीस बायका आतच जळतील. हे मी नऊशे शब्दांत लिहून दिलं. छापून काय आलं? नदीवरचं धुकं, पहाटेचा भोंगा, गारठलेली बोटं. दार गायब!

तो उंच माणूस, म्हणजे संपादक डेस्मंड प्रुइट, शांतपणे म्हणाला, की जागा कमी पडली की छपाईवाले मजकूर खालून कापतात, वाचत बसत नाहीत. आणि मी दार नेमकं शेवटी ठेवलं होतं. मला हे कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही.

गुरुवारी नगरसभा होती. बुधवारच्या अंकात तीनशे शब्दांची जागा तो देणार होता. मग बसले.

त्याची रीत साधी. शब्दावर अंगठा ठेवायचा, उरलेलं वाक्य वाचायचं. अर्थ तोच राहिला तर शब्द काढायचा. 'अत्यंत' गेलं. 'खरोखर' गेलं. आधी मी चिडून बघत होते, मग नुसतीच बघत राहिले… ह्याला कळतं कसं? 'भयंकर'वर मीही अंगठा ठेवला. त्याचा तिथेच होता – शाईने काळा, गरम. दोघांनीही लगेच उचलला नाही.

शेवटी बारा शब्द जास्त उरले. एक वाक्य मीच झाकलं: 'ते दार उघडं असायचं तेव्हा सुट्टीत मी तिथे उभी राहून नदी बघायचे.' अर्थ जागच्या जागी राहिला. पण डेस्मंडने माझा हात बाजूला केला आणि शेजारच्या स्वतःच्या लेखातली एक ओळ खोडली. तेवढी जागा माझ्या वाक्याला मिळाली.

गुरुवारी ती बातमी सभेत मोठ्याने वाचली गेली. मालक उठून गेला. शुक्रवारी कुलूप निघालं.

जेवणाच्या सुट्टीत मी दारात उभी होते. डेस्मंड धक्क्यावरून चालत आला, माझ्याकडे न बघता नदीकडे बघत राहिला. आठवडाभर डोक्यात घोळत होतं, ते मी विचारलं. ते वाक्य बातमीला कुठे लागत होतं?

"बातमीला नव्हतं लागत," तो म्हणाला. "मला… लागत होतं. त्यात तू दिसतेस."

भोंगा झाला. सगळ्या बायका आत गेल्या. मला अजून बरंच विचारायचं होतं, म्हणून मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.