सामाईक भिंत

धाकटीचा सारा जन्म नकाशे काढण्यात गेला होता. लोकांची घरं कागदावर उभी करायची आणि आपण भाड्याच्या खोलीत राहायचं! त्यामुळे थोरल्या भावाने त्याच्या घराला लागून असलेली चिंचोळी पट्टी तिला दिली, तेव्हा तिचा ऊर भरून आला. दादा वर म्हणाला, "वेगळी भिंत कशाला घालतेस? माझीच वापर. वीतभर जागा वाचेल." नकाशेवालीला वीतभर जागा म्हणजे काय, ते त्याला बरोबर ठाऊक. आणि सख्ख्या भावावर संशय घेणार तरी कोण?

घर झालं. निजायच्या खोलीत पलंग बसून शेजारी खुर्ची मावेल, असं चोख माप तिने धरलं होतं. मावलीही. पण काही दिवसांत खुर्ची बाहेर काढावी लागली, मग पलंग भिंतीला टेकला. ओल्या चुन्याचा वास जाता जाईना. दुपारी सगळं सामसूम झालं की भिंतीत काहीतरी जड, सावकाश सरकल्यासारखं वाजायचं.

नवरा हसला. "स्वतःच्याच घराचं माप चुकवलंस की गं!"

ती जाम चिडली. पण टेप लावून पाहिली, तर खोली हातभर कमी भरली. नवऱ्याला पलंगावर लवंडलेला सोडून ती तशीच शेजारी दादाकडे गेली.

त्याच्या खोलीत, त्याच भिंतीच्या कडेला, निळ्या फरशीची एक ओळ होती. तिने हौसेने निवडलेली. तिच्या खोलीतली.

"दादा... हे काय?"

"मी काही करत नाही गं." त्याने मान वर केली नाही. "भिंत आपली आपण सरकते."

"तुला माहीत होतं?"

"पलीकडे कुणी राहत असलं तरच सरकते..." दादाचा आवाज अगदी खाली गेला. "म्हणून तर तुला जागा दिली."

इतकं गोड बोलून गळा कापला मेल्याने! ती घरी धावली. खोलीत अर्धाच पलंग उरला होता, तिच्या बाजूचा. नवऱ्याच्या उशीच्या जागी भिंत होती, कोरडी ठणठणीत.

ती दोन्ही हातांनी भिंत बडवायला लागली. "अहो... ऐकताय ना?"

पलीकडून दादाचा आवाज आला. "काय पाहुणे, लागली का झोप?"

"मस्त," नवरा जांभई देत म्हणाला. "किती ऐसपैस आहे हो इथे! पण दादा... या भिंतीमागे कोण राहतं?"

"कुणी नाही," दादा म्हणाला.